पहिलं नाव खोत सरांचं

लग्नपत्रिका आणि शोधनिबंध यांत नष्टे सरांनी कधी फरक केला नाही. पत्रिकेत घरातल्या थोरल्यांची नावं आधी छापतात ना, तसंच. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक निबंधावर पहिलं नाव त्यांच्या गुरूंचं, गणपतराव खोत सरांचं, आणि श्रीशैल नष्टे अगदी शेवटी. खोत सर एकोणीसशे नव्वदच्या सुमारासच निवृत्त झाले होते. त्यानंतर प्रयोगशाळेत यायचे ते चहा प्यायला आणि आमची खेचायला. पण नाव पहिलं ते पहिलंच.

मी क्रांती, नष्टे सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. आमचा विषय रानभेंडी. गूळ करताना उसाच्या रसातली मळी वर यावी म्हणून चुलीवरच्या काहिलीत रानभेंडीचा चिकट रस घालतात. तो चिकटपणा नेमकं काय करतो, हे सरांनी शोधून काढलं. हंगामात आम्ही राधानगरी रोडच्या गुऱ्हाळांवर बाटल्या घेऊन बसायचो. सरांच्या शर्टाला काकवी, माझ्या वेणीत चिपाड. काय दिवस होते! आता माझी प्रयोगशाळा थंडगार आहे, पण गरम गुळाचा वास आला की जीव तिकडेच धावतो.

तेव्हा कुणाला निबंध हवा असला की पोस्टकार्ड यायचं. पोलंडहून, ब्राझीलहून. गंमत म्हणजे गूळ-साखरेच्या शास्त्रातल्या लोकांनी आम्हाला कधी हिंग लावून विचारलं नाही. विचारायचे ते गढूळ पाणी स्वच्छ करणारे इंजिनिअर, औषधाच्या गोळ्या बनवणारे, एकदा तर कागदवालेसुद्धा. प्रत्येक कार्डावर 'प्रिय डॉ. खोत'. नष्टे सर ते कार्ड घेऊन मंगळवार पेठेत खोत सरांकडे जायचे आणि वाचून दाखवायचे. मला भारी राग यायचा.

पुढे दोन हजार पाचच्या सुमाराला प्रोफेसरची जागा निघाली. निवृत्तीआधीची सरांची ही शेवटची संधी. तोवर सायटेशन मोजायचं खूळ सगळीकडे पसरलं होतं, म्हणजे आपला निबंध किती जणांनी आधाराला घेतला ते. कॉम्प्युटरनं दाखवलं, की हे काम शास्त्राच्या कितीतरी शाखांत वापरलं गेलंय. सरांची छाती फुगायला हवी होती. पण निवड समिती श्रेय द्यायची पहिल्या नावाला. समितीतल्या एका भल्या माणसानं सुचवलं, "काम तुमचं आहे असं खोत सरांकडून लिहून आणा. मग प्रश्नच नाही."

एवढंच ना! मीच मजकूर टाईप केला, सरांना स्कूटीवर मागे बसवलं आणि मंगळवार पेठ गाठली.

खोत सरांची नजर गेली होती. आवाजावरून ओळखलं त्यांनी. "श्रीशैल? ये लेका. आज कुठलं कार्ड आलंय?"

"आता कार्डं येत न्हाईत, सर. कॉम्प्युटरवर दिसतंय सगळं. पाणीवाल्यांनी लई उचललंय आपलं काम."

म्हातारा हरखला. सुनेला चहा टाकायला सांगितला. सरांचा हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा. मी डोळ्यांनी खुणावत होते, काढा की! शेवटी मीच म्हणाले, "खोत सर, नष्टे सरांची प्रोफेसरपदाची मुलाखत आहे."

"व्हय?" त्यांनी चाचपडत सरांचा हात धरला. "मग तोंड का पडलंय? माझं नाव हाय की फुडं. मी काय काम केलं न्हाय, ते मला कळत न्हवतं व्हय? पर नाव काढ म्हणालो न्हाय मुद्दाम. म्हटलं, आपलं नाव जुनं हाय, चार लोकं वळखत्यात, त्याच्या मागनं पोरगं वर जाईल. तेवढंच माझ्यानं तुझ्यासाठी झालं बघ."

सर म्हणाले, "तुमच्यामुळंच तर सगळं, सर."

कागद खिशातच राहिला. रस्त्यावर आल्यावर मी भडकले. "एक सही तर हवी होती!"

"सही दिली असती की त्यांनी," सर म्हणाले. "मग त्यांच्याजवळ काय ऱ्हायलं असतं?"

मुलाखतीत पहिल्या नावाबद्दल विचारलं, तेव्हा 'काम माझ्या गुरूंचंच' असं सांगून सर मोकळे झाले. जागा दुसऱ्याला गेली. सर थेट मंगळवार पेठेत गेले, सोबत पेढे घेऊन. आपल्या नावानं श्रीशैल प्रोफेसर झाला, या आनंदात खोत सर पुढची दोन वर्षं जगले.