नसलेल्या हाताचं दुखणं

बाबांचा उजवा हात कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. सरकारी दवाखान्यात तो कोपराखालून कापला, जखम भरली, टाके निघाले. त्यानंतर हात दुखायला लागला. कापलेला, जो नव्हताच तो.

"मूठ मिटून गेली हाये," बाबा म्हणत. "नखं आत घुसून राह्यली. कोनी उघडून द्या."

आई शेक द्यायची. कुठे द्यावा हाच प्रश्न होता. ती आपली उरलेल्या कोपरावर द्यायची. आत्या म्हणायची, कामावर जायचं नाही म्हणून ही सोंगं. मला आत्याचा राग यायचा, पण खरं सांगते, मनातून मलाही ते सोंगच वाटायचं.

आम्ही लोहाऱ्याला राहायचो. मी मॅट्रिकला होते, घरात शिकलेली तेवढी मीच, म्हणून दवाखान्यात बाबांसोबत मी. डॉक्टर नवे, पुण्याकडचे. बाबांना बाहेर बसवून त्यांनी मला नीट समजावलं. हात गेला तरी मेंदूतली हाताची जागा शाबूत असते, दुखणं तिथे उमटतं. परदेशात काही डॉक्टर मेंदूत बारीक तार घालून, हलका करंट देऊन असं दुखणं शांत करायला बघतात. आपल्याकडे ते नाही, पण मुंबईला एकदा दाखवा, मी चिठ्ठी देतो.

घरी येऊन मी शहाणपणा केला. एवढं लांबलचक कोण सांगत बसणार? म्हटलं, "बाबांचं दुखणं हातात नाही, डोक्यात हाये. तिथं करंट द्या लागते."

आमच्याकडे डोक्यात करंट देतात तो पागलखान्यात. दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, आणि तो सांगायचं मला सुचलं नाही.

"मी म्हनतच होती," आत्या म्हणाली. आई रडायला लागली. फुलसावंगीच्या एका घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. पागलाची पोरगी कोण करणार? बाबांनी माझ्याकडून चिठ्ठी मागून घेतली आणि चुलीत घातली.

"मले आता बरं वाटून राह्यलं," ते म्हणाले.

त्यानंतर दुखण्याचा शब्द त्यांनी काढला नाही. डाव्या हाताने जेवायला शिकले, जिनिंगच्या फाटकावर राखणीला बसू लागले. माझं लग्न झालं, फुलसावंगीच्या शाळेत मी शिकवू लागले. आत्या सगळ्यांना सांगायची, डोक्यातलंच होतं, गेलं. मीही तेच धरून चालले. सोयीचं होतं.

चार-पाच वर्षांनी पेपरात एक छोटी बातमी आली. परदेशात मेंदूत तार बसवून जुनाट दुखणं थांबवायचे प्रयोग चालले होते, हातपाय तुटलेल्या माणसांवरही. माहेरी गेले तेव्हा ती बाबांना वाचून दाखवली. सहज, गंमत म्हणून.

त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "म्हंजे हे लोक पागल नाहीत?"

"नाही बाबा. चांगले शहाणे लोक हायेत. त्याईले खरंच दुखते."

"पेपरात तसं लिहेल हाये?"

"हाये."

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई ऐकत नव्हती.

"मंग तुले सांगतो, बाई," ते म्हणाले. "मले दुखते. एक दिवस थांबलं नाही."