संगीता काय म्हणाली

शेजारणीकडून साडीला खडे चिकटवायच्या गमचा वास आला, की सुरतच्या उधन्यातली आमची जुनी खोली आठवते. खडे लावता लावता बायको वस्तीतल्या पोरींना धीटपणे बोलायला शिकवायची. त्यातली संगीता तर कुणासमोर तोंडच उघडायची नाही. एकदा मी कापडाच्या कारखान्यातून आलो, तेव्हा ती उठून उभी राहिली न् मला काहीतरी म्हणाली. लूमच्या खडखडाटानं माझे कान गेलेले. मी ओरडलो, "काय? मोठ्यानं बोल ना!"

पोरगी रडत पळाली.

"अहो, हा काय कारखाना आहे का?" बायको भडकली. "तुमच्यासमोर बोलायचं म्हणून सकाळपासून घोकत होती ती!"

मी जेवायला बसलो. ती काय म्हणाली, एवढंही विचारलं नाही. संगीता परत आलीच नाही. आता बायकोही गेली. विचारू कुणाला?