माझ्या अक्षरातलं माझं पहिलं लग्न

लग्नाआधीच मला बायको आणि चार मुलं होती, आणि तशी लेखी नोंद माझ्याच सुंदर अक्षरात होती.

दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या चर्चची लग्नं-बाप्तिस्म्यांची जुनी नोंदवही वाळवीनं खाल्ली होती. नुकतेच बदलून आलेले पाळकसाहेब म्हणाले, "नक्कल कोण करील?" मी शाळामास्तर. अक्षराचा गर्व एवढा, की फळ्यावरचा माझाच सुविचार पुसताना जीव तुटायचा! लगेच हात वर केला. नक्कल झकास झाली. फक्त सालाचा रकाना गाळला. (पानाची शोभा जात होती हो!) मग मूळ वही जाळून टाकली.

आता आमच्या घरची रीत अशी, की थोरल्या मुलाला आजोबांचं नाव. आजोबा योहान लक्ष्मण साळवे, वडील लक्ष्मण योहान, मी पुन्हा योहान लक्ष्मण. त्यात आजोबाही शाळामास्तरच!

माझं लग्न नगरच्या एस्तेरशी ठरलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मंडळीसमोर सूचना वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. दोन रविवार सुरळीत गेले. तिसऱ्या रविवारी एस्तेरला घेऊन तिचे मामा पहिल्या एस.टी.नं आले आणि घराण्याची माहिती काढायला वही चाळत बसले. साहेबांनी सूचना वाचली मात्र, मामा ताडकन उठले.

"हरकत आहे! योहान लक्ष्मण साळवे, शिक्षक, याचं सारा नावाच्या बाईशी लग्न झालंय! चार लेकरं आहेत! ही नोंद कुणी लिहिली?"

"मी," मी म्हणालो.

"म्हणजे कबूल! आणि हा थोरला मुलगा लक्ष्मण, कुठंय तो?"

माझे वडील साधे गृहस्थ. हात जोडून उभे राहिले. "मीच तो. काय काम होतं?"

मामा मटकन खाली बसले. एस्तेर रडायलाच लागली. "मामा, चला घरी!" मी समजावायला तोंड उघडलं, पण त्या गलक्यात ऐकतो कोण! गेली, एस्तेर हातची गेली! मागच्या बायका मात्र तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

तेवढ्यात पहिल्या ओळीतली माझी आजी काठी टेकत उठली. (तिला ऐकू कमी येतं, म्हणून इतका वेळ शांतता.) कुणीतरी तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं.

"सारा? आवं, ती मीच की! ह्यो माझा नवरा न्हाई, नातू हाय! माझा योहान ह्याच्या जल्माआदीच देवाघरी गेला. लई देखना हुता. ह्याच्यावानी न्हवता!"

सगळी मंडळी खो खो हसली. एस्तेरही डोळे पुसता पुसता हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात आजीनं केलेला अपमानही गोड लागला.

पुढच्याच आठवड्यात लग्न लागलं. सही करायला साहेबांनी मला टेबलाशी बोलावलं. मी ऐटीत पेन उघडलं, तर त्यांनी सगळं पान दोन्ही हातांनी झाकलं आणि बोटांच्या फटीतून चिमूटभर जागा दाखवली.

"मास्तर, फक्त सही. वर एक अक्षर लिहायचं नाही!"