मलिद्यापुरता दुभाषी

लग्नातल्या थाटामाटाबद्दल माझं मत तेव्हाही फारसं चांगलं नव्हतं. सुट्टीत पुण्याला गेलं की कुणाच्या ना कुणाच्या लग्नाची सीडी बघावी लागे. तीत नवरी फुलांच्या झोपाळ्यावरून खाली येई, नवरा धुरातून प्रकट होई आणि मंगलाष्टकं चालू असताना कॅमेरावाला गुरुजींना म्हणे, "जरा परत घ्या." त्यामुळे जर्मनीत, वाल्डॉर्फच्या आमच्या कंपनीत शेजारच्या टीममध्ये काम करणारी मुलगी जेव्हा म्हणाली की आम्ही आमचं लग्न आमच्या पद्धतीनं रचतोय, तेव्हा माझा एक रविवार वाया गेला हे मी मनाशी धरून टाकलं.

मुलगी ज्यू. वडील जर्मन. आई इस्रायलहून आलेली, आणि आईची आई थेट कोकणातली, रेवदंड्याकडची. म्हणजे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून आपल्याकडे ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, त्यांच्यातली. मुलीला मराठी येत होतं ते आजीकडून सुट्ट्यांमध्ये शिकलेलं: जेवणाचे पदार्थ आणि रागावण्याचे शब्द. कॅन्टीनमध्ये माझ्या ताटात उरलेला बटाटा बघून ती पहिल्यांदा "टाकू नको, मेल्या" म्हणाली, तेव्हा माझ्या हातातला काटा खाली पडला होता. आमची ओळख तिथून सुरू झाली.

नवरा मुलगा ओडेसाहून लहानपणी आईबरोबर आलेला. आई पियानो शिकवायची. मुलगा हायडेलबर्गला नेकार नदीवर होड्या वल्हवायचा आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायचा.

त्यांचं लग्न ऱ्हाईनकाठच्या एका शहरात, तिथल्या ज्यूंच्या समाजघराच्या बागेत झालं. ज्यू लग्न लागतं ते चार काठ्यांवर धरलेल्या कापडाच्या छताखाली. या दोघांनी ते कापड पाहुण्यांकडून करून घेतलं. प्रत्येक घरी रुमालाएवढा एक चौकोन पाठवला आणि सांगितलं, यावर तुमच्या घरातलं काहीतरी शिवून परत पाठवा, भेटवस्तू आणू नका. कुणी बाळाच्या दुपट्याचा तुकडा लावला, कुणी वडिलांच्या टायचा. माझ्या बायकोनं तिच्या विरलेल्या इरकलीचा काठ लावला. मी म्हटलं, "नवी का नाही कापत?" ती म्हणाली, "अहो, नवीत आपलं काय आहे?" काठ्यांच्या जागी मुलाच्या क्लबातली चार वल्ही होती आणि ती धरायला चार वल्हवणारे मित्र. ते इतके उंच होते की छत कुठल्याही लग्नात नसेल इतकं वर गेलं, आणि धर्मगुरू आभाळाकडे बघून बोलतायत असं वाटत होतं. रिवाजाप्रमाणे नवरी नवऱ्याभोवती सात फेरे घालते. इथे तिनं तीन घातले, त्यानं तिच्याभोवती तीन, आणि सातवा दोघांनी मिळून. धर्मगुरूंशी यावर दोन बैठका झाल्या होत्या म्हणे. आशीर्वाद मात्र होते तसेच ठेवले, एक अक्षर हलवलं नाही. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे त्या दोघांना बरोबर कळत होतं. मी ज्या लग्नांना हसत आलो होतो, त्यांत नेमकं हेच कुणाला कळलेलं नसे.

पण मला त्या लग्नातलं सर्वांत जास्त आठवतं ते छताखाली जायच्या आधीचं. आजीनं आयुष्यभर एक धरून ठेवलं होतं: नातीच्या लग्नात मलिदा व्हायला पाहिजे. आपल्याकडे मलिदा वेगळा. यांच्या मलिद्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी-सफरचंदं-खजूर, आणि वासाला एखादं फूल. ते ताट मधे ठेवून एलिया नावाच्या संदेष्ट्याची आळवणी करायची, एकेका वस्तूवर आशीर्वाद म्हणायचा आणि मग सगळ्यांना वाटायचं. कोकणात यांच्या घरी काही चांगलं झालं की हे होतंच. जगातल्या बाकीच्या ज्यूंना ते ठाऊक नाही.

लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी नात आजीला आमच्या घरी सोडून गेली, पोहे निवडायला. आजी ठेंगणी, पांढरी साडी, वर जर्मन थंडीसाठी घेतलेला निळा अनोरॅक. आत आल्या आल्या मला विचारलं, "तू कुठचा रे?"

"पुण्याचा, आजी."

"मग तुला नारळातलं काय कळणार! बायको कुठाय?"

बायको मालवणची. त्यांचं जमलं. पोहे निवडता निवडता आजीनं तिला जे सांगितलं ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. आजी इस्रायलला गेली तेव्हा सुरुवातीची काही वर्षं यांच्या लोकांचं लग्न लावण्याआधी तिथले धर्माधिकारी चौकशी करत. तुम्ही खरे ज्यू कशावरून, आई कोण, आईची आई कोण. आजीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. बहीण त्या टेबलासमोर बसली, दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याला रडत उठून आली. मुलाकडच्यांनी वाट बघितली नाही. बहीण पुढे लग्नाशिवायच राहिली.

"आम्ही दीड-दोन हजार वर्षं शनवार पाळला," आजी म्हणाली, "कुणी बघायला नव्हतं तेव्हा. आणि हे मला विचारणार!"

"आता कोण विचारतंय, आजी?" बायको म्हणाली.

"कुणी विचारू नये. मलिदा झाला तर होऊ दे. पण परवानगी मागायला मी उभी राहायची नाही. कुणी चौकशी सुरू केली की मी ताट झाकलं."

दुपारी नात आजीला न्यायला आली. तिला हे माहीत होतं. दाराशी मला हळूच म्हणाली, जर्मनमध्ये, की मलिदा नसला तरी लग्न लागेल, पण मग आजी माझ्या लग्नात पाहुणी म्हणून बसेल. मला ते नको आहे. तू रविवारी आजीजवळ राहा.

रविवारी आम्ही विळी घेऊन लवकर गेलो. आजीचा आग्रह होता की खोबरं खोवलेलंच हवं, डब्यातलं सुकं चालणार नाही. आमची विळी एकदा सामानातून वाल्डॉर्फला आली होती, कस्टमवाल्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं होतं आणि शेवटी ते संगीताचं वाद्य आहे असं ठरवून सोडलं होतं. समाजघराच्या स्वयंपाकघराच्या दारात आम्हाला एका जाडजूड, दाढीवाल्या गृहस्थानं अडवलं. तिथलं अन्न त्यांच्या नियमांत बसतं की नाही हे बघणं त्याचं काम होतं. बाहेरच्या घरातलं काहीही आत येणार नाही, म्हणाला. मग विळी बघून थांबला.

"हे काय?"

"नारळ खोवायला," मी म्हटलं.

"यावर मांस कापलंय?"

"नाही."

"कोळंबी?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. कोळंबी यांना वर्ज्य; पण जर्मनीत ती सोललेली आणि गोठवलेली मिळते, म्हणून आम्ही वाचलो. "नाही," ती म्हणाली, पूर्ण आत्मविश्वासानं.

त्यानं विचार केला. बाहेर बागेत, कच्च्या फळांसाठी, चालेल. पण आधी पातं साफ करू. मला वाटलं उकळतं पाणी आणेल. तो विळी घेऊन गुलाबाच्या वाफ्याशी गेला, गुडघ्यावर बसला, विळी उलटी धरली आणि पातं घट्ट मातीत खुपसायला लागला. एकदा, दोनदा. गरम अन्नाला न लागलेल्या सुरीसाठी तसा त्यांचा जुना नियम आहे, दहा वेळा मातीत. पाट मधे येत होता म्हणून मी तो तिरका धरला. सुटाबुटातली दोन मोठी माणसं विळीनं वाफा खणतायत हे बघून आजी खुर्चीवरून म्हणाली, "बारसं चाललंय काय विळीचं?" पण हसत होती. मला वाटलं, चला, निभावलं.

विळी धुऊन झाली. आजीचे गुडघे धरलेले, म्हणून बायको गवतावर चादर घालून खोवायला बसली आणि आजी खुर्चीवरून "पाठ नको खरवडू, काळं येतंय" असं सांगत राहिली. पोहे भिजले, खोबरं पडलं. ताट भरत आलं तेव्हा तो दाढीवाला परत आला. खाली वाकून बघितलं आणि आजीला हिब्रूत काहीतरी विचारलं.

आजी हिब्रूत चाळीस वर्षं जगलेली. तिला अक्षर न् अक्षर कळलं हे मला तिच्या मानेवरूनच दिसलं. ती माझ्याकडे वळली.

"काय म्हणतोय तो?"

"आजी, तो हिब्रूत बोलतोय. मला कसं कळणार?"

"मग त्याला सांग जर्मनमध्ये विचार, आणि तू मला मराठीत सांग."

मी सांगितलं. त्याला नवल वाटलं, पण तो जर्मनवर आला. "हा रिवाज कुठला आहे?"

"आजी, रिवाज कुठला विचारतायत."

"आमच्या घरचा म्हणावं."

"त्यांच्या घरचा," मी जर्मनमध्ये म्हटलं.

"कुणी शिकवला?" त्यानं विचारलं. मी तेही मराठीत सांगितलं.

"आईनं. आईला तिच्या आईनं. त्याच्या पुढचं विचारायचं असेल तर वर जा म्हणावं, त्या सगळ्या वरच आहेत. आणि चौकशीच करायची तर आधी खाली बसून एक वाटी खोवून दाखव."

"जुनी कौटुंबिक परंपरा आहे," मी म्हटलं.

दाढीवाल्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. "त्या याहून बरंच जास्त बोलल्या."

"मराठीला जागा जास्त लागते."

तेवढ्यात मुलाची आई लगबगीनं आली. छत उभं राहत होतं, वल्हीवाले हजर होते, धर्मगुरू हजर होते, नवरी हातभर मेंदी लावून आणि पांढरा गाऊन घालून दारात थांबली होती. "आल्झो, तर मग काही अडचण आहे का?" तिनं विचारलं. दाढीवाल्यानं ताटातल्या पोह्यांकडे बोट दाखवलं आणि जरा मोठ्यानं म्हणाला, "त्यांना विचारा, हे नक्की काय आहे?"

मी मराठीत सांगायची गरजच नव्हती. आजी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली. तोंड पांढरं पडलं होतं. माझ्या बायकोला म्हणाली, "झाक पोरी ते ताट."

बायको हातात वाटी धरून तशीच बसली. दारातून नातीनं आजीला उठताना पाहिलं आणि ती गाऊन उचलून गवतातून यायला निघाली.

दाढीवाला खाली बसला. उकिडवा नाही, सरळ चादरीवर, त्या सुटात. ताटाला हात न लावता त्यानं बाजूच्या पिशवीतून चिमूटभर कोरडे पोहे तळहातावर घेतले आणि सूर्यप्रकाशात धरले. मग माझ्याशी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलला. "त्यांच्याबद्दल मी काही विचारत नाहीये. नवरीची आजी आहे, मी कोण विचारणारा? मी याबद्दल विचारतोय. तांदूळ दिसतो, पण चपटा आहे. शिजवलेल्या तांदळाचा आशीर्वाद वेगळा, कच्च्याचा वेगळा. त्यांच्याकडे यावर कुठला म्हणतात? चुकीचा म्हटला तर देवाचं नाव फुकट घेतलं जातं. मला येत नाही म्हणून विचारतो."

मी सगळं सांगितलं. या वेळी एक शब्द कमी केला नाही.

आजी उभी होती. नात तिच्यापर्यंत पोचली आणि तिनं तिचा हात धरला. मेंदी अजून ओलसर असावी, कारण आजी त्याही परिस्थितीत "अगं, लागेल गाऊनला" म्हणाली. मग परत खुर्चीवर बसली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "भात भिजवतात. साल असलेलाच. मग भाजतात. मग गरम असतानाच कांडतात."

मी जर्मनमध्ये सुरुवात केली आणि अडकलो. मला टॉर्कसाठी जर्मन शब्द येत होता, गंजरोधक लेपासाठी येत होता, भाडेकराराच्या नोटिशीसाठी तर तीन येत होते. कांडण्यासाठी एकही नव्हता. मी "ठोकतात" म्हटलं.

"हातोड्यानं?" दाढीवाल्यानं विचारलं.

"काय विचारतोय?" आजी.

"हातोड्यानं का, विचारतायत."

"हातोड्यानं! काय सांगितलंस तू त्याला?"

"आजी, मुसळाला काय म्हणतात मला—"

"सर तू बाजूला," आजी म्हणाली, आणि हिब्रूत सुरू झाली.

दोन्ही मुठी एकावर एक धरून तिनं हवेत मुसळ उचललं आणि खाली आपटलं. दाढीवाल्यानं मान हलवली, काहीतरी विचारलं. तिनं ठासून उत्तर दिलं. त्यानं बोट वर करून हरकत घेतली. तिनं त्याच्या तळहातावरचे पोहे बोटानं उलटे केले, खजुराकडे दाखवलं, केळ्याकडे दाखवलं, क्रम सांगत असावी, आणि तो दाढी धरून ऐकायला लागला. मधेच त्यानं त्या आळवणीची एक ओळ गुणगुणली. आजीनं त्याला थांबवलं आणि तीच ओळ आपल्या चालीत म्हणून दाखवली. ती चाल मी कुठेतरी ऐकल्यासारखी होती, आपल्याकडच्या भजनाच्या जवळची. मुलाची आई जागच्या जागी थबकली आणि डोकं तिरकं करून ऐकायला लागली.

बागेत सगळे खोळंबले होते. चार वल्ही उभी होती. धर्मगुरूंनी घड्याळ बघितलं आणि ते स्वतःच चादरीकडे चालत आले. नात हसत होती, रडतही होती, आणि हात दोन्ही बाजूंना लांब धरून उभी होती.

मुलाच्या आईनं माझी बाही ओढली. "आता काय म्हणतायत त्या?"

"मला काही कल्पना नाही," मी म्हटलं, आणि खोबऱ्याची वाटी उचलून बायकोच्या मदतीला बसलो.