रबरी हातोडी

छत्रीबागेत आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांच्याकडे तीन हातोड्या आहेत. "खिळ्याला लोखंडी, पटाशीला लाकडी, फरशीला रबरी," हे ते मला भेटतील तेव्हा सांगतात. मी मान डोलावतो आणि घरी येऊन खलबत्त्यातल्या बत्त्यानं खिळा ठोकतो.

पावसाळ्यात बाथरूमचं दार फुगून अडकलं आणि आई आत राहिली. मी बत्ता घेऊन धावलो. चार घाव घातले तर हँडलच निखळून पडलं. आतून आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "अरे, तूच आहेस ना बाहेर? की चोर शिरलाय?"

आवाज ऐकून काका रबरी हातोडी घेऊन आले. "भिया, आराम से! दार आहे, दुश्मन नाही." मग दाराशी वाकून म्हणाले, "ताई, जरा मागे सरका. आज भाजी कोणती केली?"

"गिलक्याची," आई म्हणाली. तेल किती घातलं, इथपर्यंत गप्पा गेल्या. काका दाराच्या कडेनं हलके ठोके देत होते. आईचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. दार सैल झालं तसं त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली.

"आता तू मार."

मी मारली. दार उघडलं. आईला समोर हातोडी घेतलेला मी दिसलो. तिनं माझे गाल कुरवाळले. "तू होतास म्हणून रे!"

"मुलाचा हात चांगला आहे, ताई," काका म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

आता गल्लीत कुणाचंही दार अडकलं की आई अभिमानानं मला पाठवते. मी निघतो आणि आधी काकांची बेल वाजवतो.