मेनमधली एक ओळ

काल श्रीरामपूरच्या रस्त्याला मळीचा आंबूस वास आला आणि मी गाडीची काच वर केली. तरी वास आत राहिलाच.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यासाठी मी प्रोग्राम लिहिला होता. शेतकऱ्यांची यादी वाचायची, ऊसतोडीची पाळी ठरवायची, मेसेज पाठवायचा. सगळं मेन फंक्शनमध्येच, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागातच कोंबलेलं. शेजारी बसणारी सविता म्हणाली होती, "मेनमध्ये एकच ओळ ठेव. बाकीचं वेगळं काढ, म्हणजे मेसेज न पाठवता पाळीचं गणित तपासता येईल."

"चालवून बघितलं की कळतंय," मी म्हणालो.

मेसेज पाठवणारा मोडेम सविताच्या मशीनला होता. ती जेवायला गेल्यावर मी तिथेच चालवून बघितलं. मला फक्त पाळी बघायची होती, पण मेन एकदा सुरू झालं की शेवटापर्यंत जायचं. यादीतल्या सगळ्यांना मेसेज गेला, उद्या तुमची तोड.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे शेतकरी ऑफिसात आले. सदरा घामाने पाठीला चिकटलेला, हातात मोबाईल. "सकाळपासनं समदं घर बांधावर बसून हाय. टोळी कवा येनार?"

साहेबांनी विचारलं, "मेसेज कुठल्या मशीनवरून गेला?"

सविताने माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहत राहिलो. त्या आठवड्यात तिची खुर्ची रिकामी झाली.

आता माझ्या प्रत्येक प्रोग्रामचं मेन एका ओळीचं असतं. ऑफिसातले लोक विचारतात, हे कुठे शिकलात. मी एका पुस्तकाचं नाव सांगतो.