दिवाण घोड्याचं स्थळ

तात्यासाहेब वकील घोडा परत करायला आले, तेव्हा घोडा त्यांच्यासोबत नव्हता. तो बाजारामागच्या दारूच्या दुकानासमोर टांग्यासकट उभा होता आणि काही केल्या तिथून हलत नव्हता. तात्यासाहेब तेवढं अंतर पायी आले होते. पगडी एका कानावर, हातात भाषणाचे कागद आणि तोंडात माझ्या खानदानाचा उद्धार.

“डॉक्टर, मी कोण आहे हे तुम्हाला ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. सगळ्या नागपूरला ठाऊक होतं. तात्यासाहेब दारूबंदी सभेचे अध्यक्ष होते.

“आज माझं भाषण होतं. विषय, मद्यपानाचे दुष्परिणाम. आणि मी पाऊण तास दारूच्या दुकानापुढे टांग्यात बसून! आतबाहेर करणारा प्रत्येक जण मला रामराम करत होता. दुकानदार बाहेर आला, घोड्यापुढे फुटाण्याची ताटली धरली आणि मला विचारतो, ‘वकीलसाहेब, तुमाले काय आणू?’”

मी हसलो नाही. सरकारी नोकरीत ही कला लवकर येते.

मी तेव्हा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्हेटर्नरी असिस्टंट होतो. लोक ‘ढोर डाक्टर’ म्हणत. माझे सासरे पाहुण्यांपुढे नुसतंच ‘डॉक्टर’ म्हणत आणि लगेच विषय बदलत. दवाखान्यामागे एक आवार होतं. कागदावर त्याचं नाव इन्फर्मरी, गावात नाव धर्मशाळा. पोलिसाला एखादा घोडा किंवा बैल जखमी अंगानं गाडी ओढताना दिसला की तो मालकाला कोर्टात नेई आणि जनावराला आमच्याकडे पाठवी. काही मालक जनावर सोडवून नेत. काही हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा उठवून मोकळे होत. मग ते जनावर आमचं.

दिवाण असाच आला. महादेव टांगेवाल्याचा घोडा. रंग तांबूस, चेहरा भारदस्त, पाठ मात्र साजाखाली हातभर सोलून निघालेली. जखमेत अळ्या होत्या. मी आणि घोड्यांची देखभाल करणारा सुकरू साईस रोज दोन वेळा ती धूत होतो. कडुनिंबाचं पाणी, मग कार्बोलिक, मग मलम. दाढांना धार आली होती म्हणून दाणा नीट चावता येत नव्हता, त्या कानशीनं घासल्या. भिजवलेले हरभरे, कोंडा, हिरवं गवत, रोज खरारा. तीन महिन्यांत घोडा असा निघाला, की महादेवनं ओळखला नसता. महादेवनं तोवर टांगा विकला होता आणि घोड्यावरचा हक्कही सोडला होता.

बऱ्या झालेल्या जनावराला घर शोधणं हे माझं काम. मी ते मुलीला स्थळ पाहावं तसं करत असे. तबेला कोरडा आहे का, पाणी कुठून येतं, साईस मारकुटा आहे का, हे स्वतः जाऊन बघायचो. तात्यासाहेबांचं धंतोलीतलं घर पाहिलं आणि मी खूश झालो. तबेल्यात फरशी, दाराशी विहीर, रोज कोर्टापर्यंतचं हलकं काम. शिवाय घर निर्व्यसनी. पत्रिका इतकी जुळली की मी डोळे मिटून डिस्चार्ज लिहिला.

आणि आता मुलगी माहेरी परत आली होती. खरं तर यायला तयार नव्हती. सुकरूला पाठवून, टांग्यापासून सोडवून आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंट साहेबांनी रजिस्टर मागवलं. साहेब इंग्रज, स्वभावानं वाईट नव्हता, पण त्याच्याकडे जागा वीस जनावरांची आणि जनावरं एकतीस. त्यानं रजिस्टरातल्या ‘खोड’ या रकान्यावर पेन्सिल ठेवली. चावणं, लाथ मारणं, लाकूड कुरतडणं, अचानक अडून बसणं, यांना आमच्या धंद्यात खोड म्हणतात. दवाखान्याचा नियम असा, की खोड म्हणून परत आलेला घोडा पुन्हा लोकांना द्यायचा नाही. कुणाचा जीव गेला तर जबाबदार कोण?

“अडतो?” साहेबानं विचारलं.

“अडत नाही सर. थांबतो.”

“फरक काय?”

“अडलेला घोडा कुठेही अडतो. हा फक्त दारूच्या दुकानापुढे थांबतो.”

साहेबानं रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, “शनिवारपर्यंत घेणारा आणा. खोड सांगून आणा. लपवून नाही. नाहीतर शनिवारी मी ऑर्डरवर सही करतो.”

ऑर्डर म्हणजे गोळी. ती मलाच घालावी लागे. कपाळावर खडूनं फुली मारायची, दोन कान आणि दोन डोळे यांच्या मधोमध. मी ती याआधी अनेकदा घातली होती, मोडक्या पायांच्या, कुजलेल्या खुरांच्या घोड्यांना. पण धडधाकट घोड्याला, तेही मीच बरा केलेल्या, फुटाणे आवडतात म्हणून? मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं भाजी बिघडली.

बुधवारी मी गड्डीगोदाम मोहल्ल्यात जाऊन महादेवला गाठलं. जे तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते आत्ता विचारलं. बाजेवर बसलेला महादेव मनापासून हसला.

“मंग काहून नाई थांबन, डाक्टरसाहेब? बारा वर्सं थांबला थो. मी उतरलो का दुकानदार त्याले फुटाणे दे. मी अंदर, थो बाहेर. पाच दुकानं, मंग घर.”

“आणि हलायचा कसा? वकिलांनी चाबूक मारला तरी हलला नाही.”

“चाबकानं नाई हलत. मी झोकांड्या खात चढलो का टांगा डचकते. थो डचका लागला का त्याले समजते, मालक आला, आता चाला.” मग त्यानं बाजेची दोरी चाचपली. “मी कित्येकदा टांग्यातच पडून राहो. त्यानं मले दारापर्यंत आणलं. एक दिवस नालीत नाई टाकलं. अन् मी त्याची पाठ नाई पाहिली. बेकार माणूस आहो मी, डाक्टरसाहेब.”

मी उठलो. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही भाड्याचा टांगा आणून प्रयोग केला. मी लगाम धरला, सुकरू मागे. पहिल्या दुकानापुढे दिवाण थांबला. फुटाणे खाल्ले. सुकरू उतरला, दहा पावलं गेला आणि पट्टीच्या दारुड्यासारखा भेलकांडत येऊन पायदानावर आदळला. टांग्याखालच्या कमानी दबल्या. दिवाण सुरेख दुडक्या चालीनं निघाला.

मी हे तात्यासाहेबांना सांगायला गेलो. म्हटलं, उपाय सापडलाय. प्रत्येक दुकानाशी आपण उतरायचं आणि जरा झोकांडी देऊन परत चढायचं. त्यांनी मला पाणीही न विचारता घराबाहेर काढलं. आज विचार केला तर त्यांचंही बरोबर होतं.

गुरुवारी डोळ्यांना झापडं बांधून पाहिली. घोडा वासावर थांबला. रस्ता बदलून पाहिला, तर त्या रस्त्यालाही दुकान होतं. नागपुरात दुकान नसलेला रस्ता शोधायचा तर घोडा कामठीला नेऊन सोडावा लागला असता, आणि तिथे तर पलटणीची छावणी, म्हणजे दुकानंच दुकानं. उमरेड रोडचा एक वीटभट्टीवाला फुकट न्यायला तयार झाला. पण त्याच्याकडची जनावरं मी पाहिली होती. महिन्याभरात दिवाणची पाठ पुन्हा फाटली असती. त्यापेक्षा गोळी बरी, असं मी त्याला तोंडावर सांगितलं आणि वर भांडण विकत घेतलं.

शुक्रवारी सकाळी मी आवारात डोकं धरून बसलो होतो. सुकरू दिवाणला खरारा करत होता.

“काहून एवढा इचार करून राहिले?” तो म्हणाला. “तुमी जो तो माणूस पाहाता तो दुकानापुढं न थांबणारा. ज्याले थांबाच लागते त्याले द्या ना घोडा.”

“दारुड्याला पुन्हा घोडा देऊ?”

“दारुड्याले कायले? आबकारी दरोग्याले द्या. थो तं रोज सांजच्याले सारी दुकानं तपासत हिंडते. सायकलवरून पडून पडून गुडघे फुटले बिचाऱ्याचे.”

मी उठलो तो तडक आबकारी कचेरीत गेलो. दरोगा भगवंतराव हा ऐसपैस माणूस. गुडघ्याला खरंच पट्टी होती. मी खोड आधी सांगितली. साहेबाचा हुकूमच होता.

“नाई गा डाक्टर,” भगवंतराव म्हणाले. “लोक काय म्हंतीन? दरोगा तसाच अन् घोडाबी तसाच?”

“एक संध्याकाळ बसून तर पाहा. उद्या त्याला गोळी घालायची आहे.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपी उचलली.

संध्याकाळी आम्ही निघालो. पहिलं दुकान, दिवाण थांबला. भगवंतराव उतरले, आत जाऊन साठा मोजला, परवाना पाहिला, सही केली. बाहेर आले आणि पायदानावर पाय ठेवला. भगवंतरावांचं वजन सुमारे सव्वादोन मण. त्यांना झोकांडीची गरजच पडली नाही. टांगा असा डचकला की मी सीटवरून उडालो. दिवाण आनंदानं निघाला. दुसरं दुकान, तिसरं, चौथं, पाचवं. लगाम ओढायचं काम नाही. भगवंतराव खुलले.

“हुशार आहे गा! माह्या शिपायाले बी एवढे पत्ते पाठ नाईत.”

पाचव्या दुकानानंतर मी घोडा वळवू लागलो. दिवाण वळला नाही. तो इतवारीतल्या एका बोळात शिरला आणि हिरव्या दाराच्या एका सभ्य घरापुढे जाऊन उभा राहिला. दारावर तोरण, ओट्यावर तुळस. घर तुपाच्या व्यापाऱ्याचं. शेठजी दारूबंदी सभेत पहिल्या रांगेत बसत.

“इथं कायले थांबला?” भगवंतराव हळूच म्हणाले. “इथं तं दुकान नाई.”

दिवाण कान टवकारून खिंकाळला. दार उघडलं. शेठजींचा नोकर फुटाण्याची मूठ घेऊन हसत बाहेर आला.

“काय गा दिवाण, लय दिसानं? महादेव कुठी हाय?”

मग त्याला भगवंतरावांची टोपी दिसली. फुटाणे ओट्यावर सांडले.

आत तुपाच्या डब्यांत तूप थोडं होतं. बाकी मोहाची दारू होती, बिनपरवान्याची. पंचनामा होईपर्यंत मी दिवाणला ओट्यावरचे फुटाणे वेचून घातले. महादेवनं मला पाच दुकानं सांगितली होती. सहावं त्यानं इमानानं लपवलं. भगवंतरावांनी डिस्चार्जचा फॉर्म त्याच घराच्या भिंतीवर टेकवून सही केला. खोडीच्या रकान्यापुढे लिहिलं, ‘मान्य’.

शनिवारी सकाळी साहेबानं तो फॉर्म दोनदा वाचला. ऑर्डरचा कागद फाडला आणि म्हणाला, “पुढच्या बैलाचं बघा.” टेबलावर ऑर्डरचे तुकडे पडले होते. मी ते खिशात घातले.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण खटला उभा राहिला आणि शेठजींचं वकीलपत्र तात्यासाहेबांनी घेतलं. सभा वेगळी आणि वकिली वेगळी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला साक्षीला बोलावलं. घोड्याच्या चारित्र्याविषयी.

“हा घोडा बारा वर्षं दारूच्या दुकानांवर जात होता, हे खरं?”

“खरं.”

“म्हणजे तो व्यसनी आहे. अशा जनावराच्या सांगण्यावरून एका सभ्य गृहस्थाच्या घरात सरकारनं शिरावं?”

“साहेब,” मी मॅजिस्ट्रेटला म्हणालो, “व्यसन असलंच तर फुटाण्यांचं. त्या सगळ्या मैफिलींत शुद्धीवर असलेला तो एकटाच होता.”

मॅजिस्ट्रेटनं रुमाल तोंडाला लावला. शेठजींना शिक्षा झाली. तात्यासाहेब नंतर बरेच दिवस मला रस्त्यात ओळख देत नसत. दिवाण भगवंतरावांकडे राहिला, त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्याबरोबर गेला, आणि शेवटी म्हातारा होऊन त्यांच्याच तबेल्यात मेला. मला पत्र आलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि सुकरूला वाचून दाखवलं. तो उठून पुढच्या घोड्याला पाणी दाखवायला गेला.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो. जनावराची खोड म्हणजे बहुतेक वेळा आधीच्या मालकाची सवय असते. ती मोडत बसण्यापेक्षा ती जिथे कामाला येईल असं घर शोधावं. सुकरूला हे शाळेत न जाता कळत होतं. मला डिप्लोमा असून, एक चांगला घोडा मरता मरता वाचला तेव्हा कळलं.